वायर ओढली आणि स्पीड निम्म्यावर आला!

वाचकाचं पत्र

आमचं इंदिरानगरला रो-हाऊस आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. फायबर दाराजवळून आत येतो, त्यामुळे राऊटर खालीच, चपलांच्या कपाटावर. टीव्ही वरच्या खोलीत. ५५ इंची, ४के, दोन वर्षांपूर्वी घेतलेला. प्लॅन २०० एमबीपीएसचा. तरी रात्री मॅच लावली की चित्र थांबतं आणि ते गोल फिरत बसतं. ह्यांची चिडचिड व्हायची, म्हणून शेवटी ह्यांनीच वायर टाकून घ्यायचं ठरवलं. वायरमनने राऊटरपासून बाहेरच्या भिंतीवरून वायर वर नेली आणि खिडकीतून आत घेतली. पुण्याहून मुलगा आला होता, त्याने टीव्हीवर स्पीड टेस्ट लावली. वायरवर आले ९४. वायर काढून वायफायवर लावली तर १६८! मुलगा म्हणतो, "बाबा, हलकी वायर टाकून तुम्हाला गंडवलंय." हे म्हणतात, कंपनीच स्पीड मारते. वायरमनचे निम्मे पैसे ह्यांनी अडवून ठेवलेत आणि वायर टीव्हीमागे नुसती लोंबकळतेय. आम्ही परत वायफायवर, आणि मॅच परत अडकतेच. कोणाचं खरं मानायचं?

एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी निकाल सांगतो. वायरमनने गंडवलेलं दिसत नाही. कंपनीवर निदान या ९४ चा आळ घेता येणार नाही. मुलाने काढलेले दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांचा अर्थ तेवढा चुकीचा लावला गेला. लोंबकळणारी वायर आजच टीव्हीला लावा, सेटिंगमध्ये नेटवर्क 'वायर्ड' झालंय का ते बघा आणि रात्री मॅच लावा.

आता कारणं.

पत्रात ९४ वाचलं तिथेच अर्धं उत्तर मिळालं होतं. ४० आले असते किंवा दर वेळी वेगळे आले असते, तर मीही वायरवर संशय घेतला असता. ९४ हा मात्र ओळखीचा आकडा आहे. बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या मागचं लॅन पोर्ट, म्हणजे ही वायर खोचायची जागा, १०० एमबीपीएसचं असतं. स्वस्त टीव्हीत असतंच, पण लाखाच्या पुढच्या टीव्हीतही बऱ्याचदा तेच निघतं. हे शंभराचं मानक १९९५ सालचं. तांब्याच्या तशाच वायरवरून १००० एमबीपीएस नेणारं गिगाबिट मानक १९९९ मध्ये आलं, आणि आज बऱ्याच राऊटरमध्ये, लॅपटॉपमध्ये ते असतं. टीव्हीवाले अजून जुन्यावरच आहेत. एक तर ते स्वस्त पडतं आणि दुसरं म्हणजे टीव्हीला त्याहून जास्त लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माहितीपत्रकात 'इथरनेट: आहे' (इथरनेट म्हणजे हीच वायरची जोडणी) एवढंच छापायचं आणि पोर्ट किती क्षमतेचं ते गुलदस्त्यात ठेवायचं, ही त्यांची सवय मला अजिबात आवडत नाही. तुमच्या घरातल्या भांडणाला तीच निम्मी कारणीभूत आहे.

मग १०० का नाही आले, ९४ च का? वायरवरून माहिती जाते ती छोट्या छोट्या पाकिटांतून. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, तपासणीची खूण असते, आणि दोन पाकिटांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावीच लागते. पूर्ण भरलेलं पाकीट वायरवर १५३८ बाइटची जागा घेतं आणि त्यात खरा माल १४५० बाइटच्या आसपास असतो. भागाकार करून बघा, शंभराचे ९४ उरतात. म्हणजे तुमचं पोर्ट काठोकाठ भरून चाललंय. वायरमधून माहिती गळत असती तर इतका नेमका आकडा दिसला नसता.

वायफायचं म्हणाल तर टीव्हीतला वायफाय नव्या पिढीचा आहे. वायफायच्या लहरी दोन पट्ट्यांत चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; तो त्यातल्या वेगवान ५ वर राऊटरशी बोलतो आणि त्याला शंभराची अट नाही. म्हणून दुपारी, घरात कोणी नेट वापरत नसताना, तो १६८ दाखवू शकतो. टेस्ट रात्री नऊला केली होती की दुपारी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज दुपारचा आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, १६८ असूनही मॅच का अडकते.

टीव्हीला मुळात किती लागतं ते आधी बघू. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस किंवा त्याहून जास्त वेग असावा असं सांगतं, फुल एचडीसाठी ५. यूट्यूब ४केसाठी २० सांगतं. म्हणजे तुमच्या ९४ मध्ये एका वेळी चार टीव्हींवर ४के चालेल आणि तरी थोडं उरेल. तुमचा १६८ तर भरपूरच झाला. तरीही चित्र थांबतं, याचा अर्थ वेग कमी पडत नाहीये. वेग मध्येच तुटतोय.

स्पीड टेस्टला हे तुटणं दिसत नाही. ती दहा-पंधरा सेकंद चालते, एकाच वेळी चार-पाच जोडण्या उघडते, मिळेल तेवढं ओढते आणि शेवटी एक गोळाबेरीज आकडा देते. मधली दोन सेकंदं सगळं ठप्प झालं असेल तर ते त्या आकड्यात विरून जातं.

सिनेमा किंवा मालिका बघताना असं तुटलं तरी तुम्हाला कळत नाही. चित्र काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि टीव्ही पुढचे बरेच तुकडे आधीच आणून ठेवतो. मध्ये नेट अडखळलं तर तो साठ्यातलं दाखवतो. मॅचचं तसं नाही. जे अजून घडलंच नाही ते आधी कुठून आणणार? थेट प्रक्षेपणात हा साठा फार छोटा ठेवतात, नाहीतर शेजारच्या घरात आरडाओरडा होऊन गेल्यावर तुम्हाला विकेट दिसेल. त्यामुळे वायफाय थोडा जरी अडखळला तरी मॅचमध्ये तो लगेच दिसतो. रात्रीच्या मालिका तुमच्याकडे सुरळीत चालतात आणि मॅचच तेवढी अडकते, असं होतंय का ते आठवून बघा. बहुधा होत असणार.

वायफाय अडखळतो कशाने? हवा सगळ्यांची एकच आहे म्हणून. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका मार्गावर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. तुमचे मोबाइल, शेजाऱ्यांचा राऊटर, पलीकडच्यांचा कॅमेरा, सगळे त्याच रांगेत. संध्याकाळी द्वारका चौकात गाडी घालून बघा, म्हणजे रात्री नऊचा वायफाय समजेल: गाडी कितीही भारी असो, पुढे जायला मिळेल तेव्हाच मिळणार. वायर हा तुमच्या टीव्हीसाठी राखलेला रस्ता. त्यावर दुसरं कोणी नाही, आणि येणारी-जाणारी माहिती एकाच वेळी दोन्ही बाजूंनी धावते.

रो-हाऊसमध्ये हा त्रास जरा जास्तच असतो. दोन्ही बाजूंना चिकटून घरं, आणि प्रत्येकाचा फायबर पुढच्या दारातूनच आत आलेला. म्हणजे ओळीतले सगळे राऊटर एकाच रेषेत, पाच-सहा मीटरवर एकेक. त्यात तुमचा राऊटर जमिनीलगत, चपलांच्या कपाटावर, आणि टीव्ही स्लॅबच्या वर. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण लोखंडी सळयांचा स्लॅब आणि भिंती पार करताना लवकर दमतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी स्लॅबमधून बऱ्या जातात, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. अख्ख्या गल्लीने त्या तिनात दाटीवाटी करायची. शिवाय मायक्रोवेव्हही तिथेच लुडबुडतो. मॅचच्या मधल्या ब्रेकमध्ये कोणी पॉपकॉर्न लावत असेल तर त्याच्याकडेही लक्ष ठेवा. हे गमतीने म्हणत नाही. ५ गिगाहर्ट्झचा जोर कमी पडला की काही टीव्ही आपणहून २.४ वर उतरतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

(पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्या वाचकांना: तुमच्या हातभर जाडीच्या भिंतींपुढे तर ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्याच खोलीत हात टेकतो. तुम्हाला वायरला पर्याय नाही.)

मुलाचा वायरवरचा संशय फेडायचा असेल तर सोपी परीक्षा आहे. तो पुढच्या वेळी आला की टीव्हीमागची वायर काढून त्याच्या लॅपटॉपला लावायला सांगा. लॅपटॉपला गिगाबिट पोर्ट हवं, ते त्याला माहीत असेल. १९० च्या आसपास आले तर वायर चांगली, शेंड्याचे क्लिप चांगले, आणि ९४ ची मर्यादा फक्त टीव्हीच्या पोर्टची. वायरमन सुटला. लॅपटॉपवरही ९४ च आले तर दोन शक्यता. पहिली म्हणजे राऊटरच्या ज्या पोर्टात वायर खोचली आहे ते पोर्टच शंभराचं असेल. कंपनीने दिलेल्या डब्यांत कधी कधी एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि बाकीचं शंभराचं. वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. दुसरी शक्यता म्हणजे क्लिप मारताना एखादी तार नीट बसलेली नाही. वायरमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. शंभराला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक जोडी सुटली की गिगाबिट जोडणी निमूट शंभरावर येते. मग वायरमनला बोलावून क्लिप नवी मारून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. टीव्हीला मात्र यातल्या कशानेही फरक पडत नाही. त्याला ९४ च्या वर घेताच येत नाही.

लॅपटॉपची ही परीक्षा रात्री नऊलाही एकदा करा, कारण तिच्यातूनच तुमच्या मिस्टरांच्या आरोपाचा निकाल लागेल. वायरवर, लॅपटॉपला, रात्री नऊला १९० येत असतील तर कंपनी शब्दाला जागतेय. तेव्हाच ते ३०-४० वर कोसळत असतील तर तक्रार करा आणि ती करताना 'वायरवर मोजलंय' हे आवर्जून सांगा. वायफायवरचा आकडा सांगितला की तिकडचा माणूस हमखास "सर, राऊटरच्या जवळ उभं राहून बघा" म्हणतो, आणि त्याचं अगदीच चूक नसतं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता उकरताना फायबर तुटला तर मात्र तुमच्या घरातल्या वायरने काही होणार नाही, तो वेगळा विषय.

मुलगा आणखी एक उपाय सुचवेल म्हणून आधीच सांगून ठेवतो. यूएसबीला लावायचा गिगाबिट लॅन अडॅप्टर मिळतो. काही टीव्ही तो ओळखतात, काही ढुंकूनही बघत नाहीत, आणि ओळखणाऱ्या टीव्हीचं यूएसबी पोर्ट जुन्या २.० प्रकारचं असेल तर पूर्ण हजार मिळत नाहीतच. दोन-तीनशे मिळतील. ते घेऊन करायचं काय? घरात स्वतःचा सर्व्हर आहे, त्यावर ब्लू-रेच्या दर्जाचे ४के सिनेमे साठवलेत, अशा हौशी माणसाला त्याचा उपयोग आहे. ४के ब्लू-रे डिस्कचा वेग १२८ एमबीपीएसपर्यंत चढू शकतो, म्हणजे तिथे शंभराचं पोर्ट खरंच तोकडं पडतं. तुमच्या घरी मॅच, मालिका आणि यूट्यूब. पैसे वाचवा.

वायफायवर मी फार तोंडसुख घेतलं असं वाटेल. राऊटर आणि टीव्ही एकाच हॉलमध्ये असते, समोरासमोर, तर मी तुम्हाला वायर टाकू नका म्हणून सांगितलं असतं. तीन-चार मीटरवर, मध्ये भिंत नसताना, ५ गिगाहर्ट्झचा वायफाय टीव्हीला सहज पुरतो. कॉलेज रोडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलभर पांढरी वायर पट्टीत ठोकून घेणारे लोक बघितले की मला भिंतीची दया येते. तुमचं घर तसं नाही. मध्ये स्लॅब आहे.

आणि आता वायर वर पोचलीच आहे तर तिच्याकडून आणखी काम काढा. वरच्या मजल्यावर मोबाइलचा वायफायही रडत असणार, कारण त्यालाही तोच स्लॅब आडवा येतो. त्यासाठी दुकानात तुम्हाला रिपीटर दाखवतील. तो घेऊ नका. साधा रिपीटर खालून आलेला वायफाय ऐकतो आणि तोच पुन्हा हवेत सोडतो. बोलायला-ऐकायला एकच चॅनल असल्याने वेग जवळपास निम्मा होतो, आणि खालून जे तुटकं येतं ते वरही तुटकंच मिळतं. त्यापेक्षा टीव्हीमागे एक पाच पोर्टांचा छोटा गिगाबिट स्विच, म्हणजे एका वायरीला फाटे फोडणारा डबा, बसवा. खालून आलेली वायर त्यात, त्यातून एक तुकडा टीव्हीला आणि दुसरा एखाद्या जुन्या राऊटरला. घरात बहुधा आधीच्या कंपनीचा एखादा राऊटर माळ्यावर पडून असेलच, आपण भारतीय काही टाकून देत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट असा पर्याय असतो, तो लावला की वरच्या मजल्याला स्वतःचा वायफाय. त्याला खालच्याच राऊटरचं नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे जिना चढताना मोबाइल आपणहून जोडणी बदलेल. चॅनल मात्र खालच्यापेक्षा वेगळा ठेवा. हे काम मुलाला सांगा. वायरमनवर शंका घेण्यापेक्षा ते त्याला जास्त जमेल.

एकाच गोष्टीची मला खरी काळजी वाटली, ती म्हणजे वायर बाहेरच्या भिंतीवरून आली आहे. स्पीडचा प्रश्न आज सुटेल, पण तिकडे लक्ष दिलं नाही तर दोन-तीन वर्षांत नवी वायर टाकावी लागेल.

वायरचा रंग बघा. करडी किंवा निळी, गुळगुळीत अशी असेल तर ती घरात वापरायची वायर आहे. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचं प्लॅस्टिक कडक होतं, तडकतं, मग पावसाचं पाणी आत शिरतं. बाहेरून न्यायची वायर वेगळी मिळते, काळ्या जाड आवरणाची. ती टाकलेली नसेल तर निदान उन्हातला भाग पीव्हीसी पाइपमध्ये घालून घ्या. पाइप विजेच्या वायरींचा नको, वेगळा हवा, आणि त्यांच्यापासून थोडा लांब.

खिडकीपाशी वायर वरून तिरकी आत येत असेल तर पावसाचं पाणी तिच्यावरून घरंगळत थेट टीव्हीमागे उतरेल. आत शिरण्याआधी बाहेरच्या बाजूला तिला एक झोल द्यायचा, म्हणजे ती खिडकीच्या खाली जाऊन परत वर येईल आणि पाणी झोलातून बाहेरच ठिबकेल. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की वायर दोन्ही टोकांनी काढून ठेवा. जवळपास वीज पडली तर बाहेरून गेलेल्या तांब्याच्या वायरीत झटका येऊ शकतो आणि तो टीव्ही, राऊटर दोघांनाही घेऊन जातो. खालून आलेला फायबर काचेचा असतो, त्याला ही भीती नाही.

वायर कुठली टाकली तेही विचारून घ्या. आवरणावर दर मीटरला छापलेलं असतं: कॅट ५ई किंवा कॅट ६ असेल तर उत्तम, दोन्हींतून १०० मीटरपर्यंत गिगाबिट जातं आणि तुमचं अंतर पंधरा-वीस मीटर. सीसीए असं छापलेलं दिसलं तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं आहे. स्वस्त असतं, लवकर तुटतं, क्लिपमध्ये सैल होतं. तेवढ्यापुरतं मुलाचं 'हलकी वायर' हे बोलणं खरं ठरेल, तरी ९४ चा दोष तिच्यावर येत नाही. महात्मा गांधी रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शुद्ध तांब्याची वायर मीटरवर मिळते, भाव विचारून ठेवा.

वायरमनचे उरलेले पैसे या आठवड्यात देऊन टाका. त्याने सांगितलेलं काम केलंय, टीव्हीत कुठलं पोर्ट बसवायचं हे त्याच्या हातात नव्हतं. झोल, पाइप आणि गरज पडली तर नवी क्लिप, ही कामं त्याच्याकडूनच करून घ्यायची आहेत. म्हणून फोन मिस्टरांनी करावा. पैसे आधी द्यावेत आणि कामं मग सांगावीत.